डांबराचं पीप

काल नातवाने निळ्या पिपाला तापल्या सळईने भोकं पाडून स्ट्रॉबेरी लावली. जळका वास आला आणि मला इंग्रजांच्या राज्यातलं माझं सासरचं गाव, जानेफळ, आठवलं.

नवरा गेल्यावर थोरल्या दिरांनी मला मागची खोली दिली आणि अंगणात काही लावायचं नाही, असं बजावलं. मी सडकेच्या कामावरचं अर्धं कापलेलं डांबराचं पीप आणलं, त्यातलं उरलेलं डांबर जाळलं, छिन्नीने अशीच भोकं पाडली, नाल्याची माती भरली आणि पुदिना लावला.

"हे काऊन लावलं वं? अंगण माह्यं हाय."

थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती. मी बोलले. "माती नाल्याची हाय, भाऊजी."

"पीप तं माह्या जाग्यात हाय ना?"

मी पीप कलतं केलं आणि तळाच्या काठावर गोल फिरवत बाहेर सडकेवर नेऊन ठेवलं. "आता सरकारच्या जाग्यात हाय. सरकारले सांगा."

खोलीतून काढतील, अशी तेव्हा भीती होती. आता हसू येतं.

पुढे जाऊबाई चटणीला पुदिना मागायला आल्या. दिरांना भाकरीबरोबर तीच चटणी लागायची.

"देतो ना," मी म्हटलं, "पण तोडायले भाऊजीलेच पाठवा."

संध्याकाळी ते आले.