रिकामा हॉल थंड करणारा माणूस

आमच्या सभागृहाचा एसी सांभाळणाऱ्या काकांना आम्ही पाठीमागे ‘हवामान खातं’ म्हणायचो. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. सत्तावीस वर्षं तळघरातली दोन अवाढव्य यंत्रं त्यांनी सांभाळली. त्याआधी ते बर्फाच्या कारखान्यात होते. कानात कापसाचे बोळे, खिशात थर्मामीटर, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसत फिरायचं, ही त्यांची पद्धत. कुठल्या रांगेत मानेवर झोत येतो, कुठे कोंदट वाटतं, हे स्वतः बसून बघितल्याशिवाय त्यांना पटत नसे. मी तिथे माईक आणि पडद्याचं काम बघते, त्यामुळे हा फेरफटका मला पाठ होता.

माणूस साधा, पण डूख धरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. एका रंगाऱ्याने न विचारता त्यांची शिडी नेली, तर नऊ वर्षं ते त्याच्याशी बोलले नाहीत. दहाव्या वर्षी रंगारीच गाव सोडून गेला.

तर व्यापारी संघाने आमच्याकडे व्याख्यानमाला लावली. विषय हवामानबदल आणि उद्योगधंदे, दर महिन्याचा पहिला शनिवार, सकाळी अकरा. कारखानदार, बँकांचे मॅनेजर, कंपन्यांचे अधिकारी, सगळे कोट-टाय घालून हजर, कारण निमंत्रणावर ‘औपचारिक पोशाख’ असं छापलेलं. पृथ्वी तापते आहे हे ऐकायला जाड कोटात यायचं आणि कोटात उकडू नये म्हणून हॉल गारठवायचा! काका म्हणायचे, “यांना आधी कोट काढायला सांगा, निम्मं काम तिथेच होईल.” ऐकतो कोण?

वक्ते एकच होते, मोठमोठ्या कंपन्यांना सल्ले देणारे. बोलायचे छान, आणि विषयही खोटा नव्हता, हे मी मान्य करते. पण दुसऱ्यांच्या चुका दाखवताना या माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं.

दुसऱ्या व्याख्यानाच्या दिवशी ते सकाळी नऊलाच आले, स्लाइड्स तपासायला. अकरा वाजता हॉल भरला, भाषण रंगात आलं, त्यांनी मला खूण केली आणि मी पुढची स्लाइड लावली. पडद्यावर काका! रिकाम्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसलेले, पुढच्या खुर्चीवर पाय, हातात चहाचा कप. खाली मोठ्या अक्षरांत: ‘रिकामा हॉल थंड करणारा माणूस’.

“मित्रहो, पृथ्वीला ताप येतो तो इथून,” वक्ते म्हणाले. “दोन तास आधी एसी चालू, आत एकच माणूस, आणि तो चहा पितोय!”

तीनशे माणसं खदखदून हसली. पाचव्या रांगेत काकांची मुलगी बसली होती, तिच्या कंपनीने पाठवलेली. तिने मान खाली घातली आणि गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं. काका बाजूच्या दारात उभे होते. त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग मुलीकडे, मग माझ्याकडे. बटण मीच दाबलं होतं ना! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो फोटो मुलीच्या ऑफिसात मोबाइलवरून मोबाइलवर फिरला. घरी ती एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्ही तेव्हा काहीच का बोलला नाहीत?” हे काकांनी मला आठवड्याने सांगितलं, यंत्राचा पट्टा घट्ट करता करता, आणि पट्टा इतका आवळला की परत सैल करावा लागला.

वर संघाच्या सचिवांनी लेखी आदेश काढला: श्रोते आल्याशिवाय एसी सुरू करू नये. काका समजवायला गेले. मीही होते सोबत.

“साहेब, भिंती, छत, खुर्च्या आदल्या दिवसापासून तापलेल्या असतात. त्या आधी हळूहळू निवाव्या लागतात. शिवाय प्रत्येक माणूस म्हणजे एक पेटता दिवा. तीनशे दिवे आत आल्यावर यंत्रं कितीही बोंबलली तरी हॉल गार होत नाही, वीज मात्र जास्त जाते.”

“पाहुण्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं,” सचिव म्हणाले. “सही करा.”

काकांनी सही केली. बाहेर आल्यावर ते हसले. मी इथे लागल्यापासून त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला तेच खटकलं.

तिसरं व्याख्यान ऐन उन्हाळ्यात आलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. आदेशाची प्रत त्यांनी तळघराच्या दारावर चिकटवली. दोन्ही दारांशी प्यायच्या पाण्याचे जार ठेवले, कारण कुणाच्या जिवाशी खेळायचं नव्हतं. फक्त जिरवायची होती. अकराच्या ठोक्याला लोक आत, आणि अकराच्या ठोक्याला दोन्ही यंत्रं सुरू.

सव्वाअकराला टाय सैल झाले. वक्ते म्हणाले, “विषयाला साजेसं वातावरण आहे!” लोक हसले. साडेअकराला कार्यक्रमपत्रिकांचे पंखे झाले. वक्त्यांनी तोच विनोद पुन्हा केला, तेव्हा कुणी हसलं नाही. त्यांच्या कॉलरचा रंग बदलला होता. शेवटी ते माईकवरच म्हणाले, “एसी कोण बघतंय? जरा वाढवा हो!”

काका बाजूच्या दारातून आले. मी उठले आणि त्यांच्या हातात माईक दिला, चालू करून. मला कुणी सांगितलं नव्हतं.

“सर, पूर्ण चालू आहे. आदेशाप्रमाणे, अकरापासून.” मग ते माझ्याकडे वळले. “पोरी, तो माझा फोटो लाव.”

मी लावला. मागच्या व्याख्यानाची फाइल अजून माझ्याकडे होती.

“हा नऊ वाजताचा फोटो,” काका म्हणाले. “कोण गारठेल, कोण उकडेल, ते खुर्चीत बसून बघत होतो. तुमच्यासाठी. चहा सहा वाजल्यापासून पहिला होता. मी बरोबर होतो की चूक, ते सरांनी सांगावं.”

सचिव खुर्चीतून अर्धे उठले होते. पाठीमागून एक म्हातारे कारखानदार ओरडले, “अहो, सांगून टाका! जीव चाललाय इथे!”

वक्त्यांनी कपाळ पुसलं. “तुम्ही बरोबर होता. मी न विचारता बोललो. चूक झाली.”

“फोटो?”

“काढून टाकतो.”

“आत्ता काढा, सर. सगळ्यांना दिसू दे.”

पडद्यावरून काका नाहीसे झाले. पाचव्या रांगेत त्यांची मुलगी उभी राहून टाळ्या वाजवत होती, एकटीच, आणि तिच्या ऑफिसची सगळी माणसं तिच्याकडे बघत होती.

“आता तरी थंड करा हो,” वक्ते जवळजवळ गयावया करत म्हणाले.

“आता होत नाही, सर. लोक आत असताना नाही. म्हणून तर नऊला लावायचो.”

मग जी पळापळ झाली! कोट हातावर टाकून लोक दारांकडे निघाले. सचिव सगळ्यांत पुढे. दहा मिनिटांत हॉलमध्ये अकरा माणसं उरली. वक्ते लॅपटॉप मिटायला लागले, तर काका पहिल्या रांगेत, बरोबर मधल्या खुर्चीत जाऊन बसले आणि हाताची घडी घातली.

“बोला ना, सर. पंचेचाळीस मिनिटं बाकी आहेत. मी आजवर एकही भाषण पूर्ण ऐकलेलं नाही.”

आणि तो माणूस बोलला. पूर्ण पंचेचाळीस मिनिटं, घामाने निथळत, एकदाही पाणी न मागता. काकांनी त्याच्यावरून नजर हलवली नाही. मला दया यायला हवी होती. नाही आली. आवाज पडला तसा मी तो माझ्या बटणाने वाढवत गेले, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचावा.

शेवटी वक्त्यांनी सवयीने विचारलं, “काही प्रश्न?”

काकांनी हात वर केला.

“एकच, सर. पुढच्या महिन्यात एसी किती वाजता लावू?”