साडभाऊंची लेकुरवाळी मासोळी

मोठ्यानं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण कुजबुजताना शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आम्ही दोघांनी सख्ख्या बहिणी केल्या. थोरली त्यांची, धाकटी माझी. ते सौंसरला, मी पांढुर्ण्याला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांना साडभाऊ म्हणतो. त्यांचं सारं आयुष्य सौंसरच्या बस स्टँडवर गेलं. खाजगी बसगाड्यांचे ते एजंट होते, म्हणजे गाडीच्या दाराशी उभं राहून गावांची नावं पुकारायची आणि गाडी भरून द्यायची. त्यांनी "नागपूर" अशी हाक दिली की छिंदवाड्याला निघालेला माणूससुद्धा क्षणभर थबकून आपल्याला नक्की कुठं जायचंय याचा विचार करी. एकदा बोरं विकायला आलेली एक म्हातारी त्या हाकेच्या भरात टोपलीसकट गाडीत चढून बसली आणि सावनेर आल्यावर तिला आठवलं, की आपल्याला कुठंच जायचं नव्हतं.

असा माणूस घरी बसला की त्याचं रक्त उसळणारच. रक्तदाब वाढला. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सल्ला दिला, की घरात काचेची पेटी आणा, चार मासे पाळा, त्यांच्याकडे पाहत बसलं की मन शांत होतं. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर शेपटी हलवत संथ फिरणारे सोनेरी मासे असणार. साडभाऊंनी मात्र नागपूरच्या दुकानात जाऊन दुकानदाराला सांगितलं, की हे मवाळ मासे मला जमायचे नाहीत, जरा तेज दाखवा. त्यानं सिक्लिड दाखवले. आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले, चण्याच्या डाळीसारखे पिवळेधमक आणि अत्यंत भांडकुदळ. दगडाच्या एका कपारीवरून त्यांची दिवसभर अशी जुंपायची की जणू सातबाऱ्यावर नाव चढवायचं आहे. मन शांत करायला बसलेले साडभाऊ आठवडाभरात पक्ष घेऊन बसू लागले. "थो मोठा पाहा, त्या गरिबाले जगू देऊन नाही राहिला," असं म्हणत ते काचेवर बोट आपटायचे. पुढच्या तपासणीला रक्तदाब आधीपेक्षा वरच निघाला.

मग त्यांच्यातल्या एका मादीनं खाणं सोडलं. तिचा गळा फुगला होता आणि ती कोपऱ्यात तोंड मिटून बसली होती. साडभाऊंना वाटलं गालगुंड झालं. दुकानदाराला फोन केला तेव्हा कळलं, की ही जात अंडी तोंडात धरते. पिल्लं होऊन ती पोहण्याइतकी होईपर्यंत दोन-तीन आठवडे मादी काही खात नाही, आणि घाबरली तर मात्र सगळं गिळून टाकते. ही माहिती ऐकून साडभाऊंना इतका आनंद झाला, की त्यांनी फोन हातात धरूनच आतल्या खोलीतल्या ताईला, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, हाक मारली. कोणत्या पट्टीत, ते सांगायला नको. मासोळी दचकली, तिचा गळा एकदा हलला आणि सपाट झाला.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. "आपल्या आवाजानं एवढी लेकरं गेली," एवढंच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरात कुजबूज सुरू झाली. पुन्हा त्या मादीचा गळा फुगला तेव्हा त्यांनी तिच्यासाठी वेगळी छोटी पेटी आणली, तिच्यावर ताईच्या जुन्या साडीचा पडदा लावला आणि ती खोली बाळंतिणीची म्हणून जाहीर केली. कुकरची शिट्टी बंद झाली. दाराची घंटी काढून ठेवली. दूधवाल्याला खूण करायला शिकवलं. मी आणि माझी बायको एकदा त्यांच्याकडे गेलो तर दारात चपला काढण्याआधीच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही दोघं घाबरलो. वाटलं, घरात कुणी गेलंबिलं की काय. ते आमच्या कानाशी येऊन, स्टँडवरच्या सवयीनं हात तोंडापाशी धरून कुजबुजले, "हळू बोला, बाळंतीण झोपली." समोरच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या बाई लगेच उठून आत गेल्या आणि थोड्या वेळानं डिंकाचे लाडू घेऊन आल्या.

त्यांचा उपास हा दुसरा प्रकार. मासोळी उपाशी, मग आपण तिच्यादेखत पोहे कसे खायचे, असं त्यांना वाटायचं. आयुष्यात त्यांनी एकादशी धरली नव्हती. ताई त्यांना हे बोलून दाखवायची. तिच्या मते त्यांनी उपास केलाच नाही, फक्त बाळंतिणीच्या खोलीत जेवायचं सोडलं आणि स्वयंपाकघरात पाठ करून दुप्पट खाल्लं. दोघांचंही खरं असावं.

पिल्लं बाहेर आली तेव्हा त्यांनी मला पांढुर्ण्याहून खास बोलावून घेतलं. मी डोळे ताणून पाहिलं. मला पाणी दिसलं. "दिसले का?" त्यांनी विचारलं. मी खरं बोललो. त्यांचा चेहरा असा काही पडला, की मी लगेच चष्मा पुसून पुन्हा वाकलो, आणि मग खरंच दिसली: संत्र्याच्या बीपेक्षा लहान, दोन डोळे आणि एक शेपटी एवढाच संसार असलेली पिल्लं. मी हललो, माझी सावली काचेवर पडली, आणि ती सगळी एका झुबक्यानं आईकडे धावली. आईनं तोंड उघडलं. क्षणात पाणी रिकामं. साडभाऊंनी माझा हात घट्ट धरला होता. इतका वेळ न बोलता उभे राहिलेले साडभाऊ मी त्याआधी पाहिले नव्हते.

मग त्यांची चाकरी सुरू झाली. उकडलेल्या अंड्याचं पिवळं मलमलीच्या फडक्यातून गाळून चिमटी-चिमटीनं द्यायचं. नळाचं पाणी बादल्यांत भरून एक दिवस मुरवायचं, त्यामुळे घरात चालताना बादल्यांमधून वाट काढावी लागे. हवेचा पंप बुडबुडे सोडत राहिला पाहिजे, म्हणून त्याच्या आवाजावर एक कान कायम. पिल्लं वाढत गेली आणि वैशाख आला.

मी आणि माझी बायको तेव्हा सौंसरलाच होतो. आदल्या संध्याकाळी वादळ झालं, झाडं पडली, खांब वाकले आणि गावाची वीज गेली. सकाळपर्यंत इन्व्हर्टरही संपला. पंप थांबला. ऊन चढलं तशी भिंतींतून वाफ निघू लागली आणि पेटीतलं पाणी कोमट झालं. पिल्लं पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडू लागली. साडभाऊ पेल्यानं पाणी वर उचलायचे आणि उंचावरून पुन्हा पेटीत सोडायचे, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. त्यांचा हात दुखला की मी, मी थकलो की माझी बायको. बर्फाच्या पिशव्या ठेवल्या त्याही विरघळल्या. दोन पिल्लं उलटी झाली. साडभाऊंनी ती तळहातावर घेतली आणि तशीच धरून उभे राहिले.

तेव्हा ताई म्हणाली, "बोरगावले चला. भासऱ्यायच्या घरावर सोलर आहे. विहिरीचं पाणीबी थंड आहे."

भासरे म्हणजे साडभाऊंचे थोरले बंधू. बोरगावला वडिलांच्या घरी राहतात, शेती पाहतात. दोघा भावांचं बोलणं बंद होऊन किती वर्षं झाली होती ते कुणी मोजायचं नाही. आई गेल्यावर थोरल्यानं शेतातली संत्र्याची जुनी झाडं, धाकट्याला न विचारता, उपटून टाकली आणि कापूस लावला. झाडं रोगानं वाळत चालली होती असं थोरल्याचं म्हणणं. ती आम्ही दोघा भावांनी मायसोबत लावली होती, निदान हाक तरी मारायची होती, असं धाकट्याचं. त्या दिवशी साडभाऊ बोलून गेले, की या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि त्यांनी तो ठेवला नव्हता.

"मी पाय ठेवणार नाही म्हणून बोललो होतो," ते म्हणाले.

ताईनं पदर खोचला आणि मोठा गंज, म्हणजे पाणी तापवायचं खोल पातेलं, पेटीपाशी आणला. "तुम्ही नका ठेवू. मासे ठेवा तिथं. त्यायले पाय कुठं आहेत?"

मोठ्या पेटीपाशी माझी बायको थांबली. ऑटोत आई आणि पिल्लं घातलेला गंज मांडीवर धरून मी बसलो. शेजारी साडभाऊ वाटभर पेल्यानं पाणी उचलून सोडत होते, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यातलं निम्मं माझ्या पँटवर येत होतं. घर दिसू लागलं तशी त्यांनी वळणावर ऑटो थांबवली आणि आतच बसून राहिले. ताई आणि मी गंज घेऊन अंगणात गेलो. थोरले बंधू गोठ्याजवळ उभे होते. उंच, वाळलेले, बोलायला अजिबात उत्सुक नसलेले. ताईनं थोडक्यात सांगितलं. त्यांनी गंजात डोकावून पाहिलं, कानाशी हात नेऊन खाजवलं आणि गोठ्यातल्या सावलीच्या हौदाकडे बोट दाखवलं. मग विचारलं, की हे खातात काय. मला अंड्याचं माहीत होतं, किती आणि कधी ते माहीत नव्हतं. ते मी वळणाकडे तोंड करून विचारलं.

वळणावरून उत्तर आलं. अंडं किती वेळ उकडायचं, फडकं कोणतं घ्यायचं, उरलेलं काढून का टाकायचं, हे सगळं बोरगावच्या शेवटच्या घरापर्यंत पोचलं. दोन-तीन बाया दारांत आल्या. एक कुत्रा उठून बसला. थोरले बंधू शांतपणे ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर मला म्हणाले, "मले ऐकू नाही आलं. त्याले म्हणा, इथं येऊन सांग."

मी निरोप दिला. ऑटोतून एक पाय बाहेर आला आणि परत आत गेला. मग साडभाऊ उतरले. मान खाली घालून, पेला हातात तसाच, ते अंगणातून सरळ हौदापाशी गेले आणि कुणाकडेही न पाहता म्हणाले, "एकदम नका सोडू. पाणी थंड आहे, मरतीन. गंज हौदात ठेवा, पाण्याले पाणी ओळखू द्या."

गंज हौदात कलंडू नये म्हणून कुणीतरी धरून बसणं भाग होतं. एका बाजूनं थोरल्यानं धरला, दुसऱ्या बाजूनं धाकट्यानं. सोबत आणलेला हवेचा पंप सोलरवर लावला, बुडबुडे सुरू झाले. दोघं भाऊ हौदाच्या काठावर समोरासमोर बसले, गंज मधे. वाऱ्यानं गोठ्याचा पत्रा वाजला तशी पिल्लं घाबरून आईकडे धावली आणि तिच्या तोंडात शिरली. मोठी झाल्यामुळे सगळी मावेनात, उरलेली तिच्या गालाला चिकटून राहिली.

"ही काही खात नाही का?" थोरल्यानं विचारलं.

"लेकरं तोंडात असली का नाही खात."

थोरले बंधू पाण्याकडे वाकले. मग म्हणाले, "मायबी तशीच करे. सगळ्यायचं झालं का मंग बसे."

साडभाऊंनी गंजावरचा हात थोडा पुढं सरकवून घेतला. ताई आत चहा करायला गेली. ते घर तिला नवं नव्हतं, साखर कुठं असते हे तिला अजून ठाऊक होतं.

काही पिल्लं गेली, बरीच जगली. सौंसरची वीज दुसऱ्या दिवशी आली, पण मासे परत आले नाहीत. त्यांना आता प्रवास झेपायचा नाही, असं साडभाऊंनी ठरवलं. तेव्हापासून ते स्वतःच रोज सकाळी बोरगावला जातात. गेल्या थंडीत मी एकदा त्यांच्यासोबत गेलो. हौदापाशी दोन खुर्च्या होत्या. पिल्लं वाढून बोटाएवढी झाली होती आणि हौदात टाकलेल्या दगडांच्या कपारीसाठी भांडत होती. दोघं भाऊ तासभर बसले. कोणता मासा आज सुस्त आहे, कुणाचा गळा फुगल्यासारखा वाटतो, एवढंच बोलणं झालं. निघताना थोरल्यानं कापसात लावलेल्या तुरीच्या शेंगा आणून पिशवीत टाकल्या.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना विचारलं, की संत्र्याच्या झाडांचा विषय कधी निघाला का.

"नाही," ते म्हणाले. "थो काढला का मंग मधली सगळी वर्षं काढा लागतेत. दादा आता थकून राहिला, साडभाऊ. जेवढा येळ बसतो तेवढा माशायचाच बरा."

त्यांनी एक शेंग सोलली, निम्मे दाणे माझ्या हातावर ठेवले, आणि सौंसर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.