कुंदाताईंची खरवड

कुंदाताईंनी जन्मात मांसाचा कण तोंडात घातला नाही, आणि जपानमधल्या आमच्या सेंदाईत टर्कीची ग्रेव्ही त्यांच्याइतकी चांगली कुणालाच जमत नव्हती. गॅसपुढे उभ्या राहून त्या डोळे मिटत, वाफ हाताने नाकाकडे ओढत आणि निकाल देत, "अजून कच्ची आहे." शेवटी मला हाक येई, "मेधा, वास मी बघितलाय. मीठ तेवढं तू बघ." मीठ बरोबरच असायचं. विचारणं हा पाहुण्याला द्यायचा मान होता, आणि मी तो दरवर्षी गंभीर चेहऱ्याने घ्यायची.

त्यांचे यजमान, आम्ही त्यांना सर म्हणायचो, इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करत. त्याआधी दोघं काही वर्षं अमेरिकेत होती, तिथल्या शेजाऱ्यांकडून सर टर्की भाजायला शिकले. डिसेंबर संपता संपता प्रयोगशाळांना सुट्टी लागली, की घरी जाऊ न शकलेल्या आम्हा मराठी मंडळींना एका रविवारी दुपारचं जेवण त्यांच्याकडे असे. जपानी घरातल्या ओव्हनमध्ये आख्खी टर्की मावत नाही, म्हणून सर ती कापून दोन खेपांत भाजत. ट्रेच्या तळाशी जो रस आणि चरबी उरे, तिथून पुढे कुंदाताईंचं राज्य. मांसाला त्यांचा हात लागत नसे. लाकडी उलथनं आणि डाव, एवढाच काय तो संबंध.

ग्रेव्हीला त्या रस्साच म्हणत. "त्यात अवघड काय आहे गं? पिठल्यात गुठळी होऊ द्यायची नाही, हे एकदा जमलं की जगातले सगळे रस्से जमतात." ट्रेला तळाशी चिकटलेलं, करपायच्या बेतात आलेलं जे काही असे, ते त्या गरम पाणी घालून निगुतीने सोडवत. "चव वर नसते, खरवडीत असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग चरबीत पीठ परतायचं. शिरा भाजताना सुटतो तसा वास सुटेपर्यंत त्या पुढची पायरी घेत नसत, पाहुणे कितीही भुकेले असोत. आम्हा सगळ्यांना वाढून झालं, की स्वतः वरणभात घेऊन आमच्यात येऊन बसत.

सर अचानक गेले. मुलगा निनाद नागोयाला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. सेंदाईतच वाढलेला. आई मराठीत विचारी, तो जपानीत उत्तर देई, तेही एका शब्दात. सर होते तोवर ते मधे राहून दोघांचं बोलणं चालू ठेवत. ते गेल्यावर आईचा फोन 'दाइजोबु', म्हणजे ठीक आहे, एवढ्यावरच संपायला लागला. एकदा कुंदाताई मला म्हणाल्या, "तो टर्कीसाठी येतो. हे जेवण बंद पडलं, तर तो कशाला येईल? माझ्या वरणभातासाठी बुलेट ट्रेनचं तिकीट कोण काढणार?" त्या हसून म्हणाल्या, पण मला काही हसू आलं नाही.

सरांनंतरच्या पहिल्या डिसेंबरात निनाद आला. वडिलांच्याच सुरीने त्याने टर्की कापली, भाजली आणि बाहेर येऊन बसला. पुण्याहून नुकताच नोकरीवर आलेला सौरभ मदत म्हणून स्वयंपाकघरात शिरला. जपानमध्ये नवीन आलेल्या आपल्या माणसाला भूकंपापेक्षा कचऱ्याची धास्ती जास्त. कुठला कचरा कुठल्या पिशवीत, तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, हे सगळं सौरभने तोंडपाठ केलं होतं. ट्रेमध्ये तेलकट रस दिसताच त्याने खणातून तेल गोठवायची पूड शोधून काढली, ट्रे पुन्हा तापवून ती त्यात टाकली, निवून घट्ट झालेली वडी जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि ट्रे घासून पुसून ठेवला. कुंदाताई डाव घेऊन आल्या, तेव्हा ट्रेमध्ये तोंड दिसत होतं.

"ताई, सॉरी, मला वाटलं वेस्ट ऑइल आहे!" सौरभला घाम फुटला होता.

निनाद आत आला, त्याने ट्रे पाहिला. तो सौरभला जपानीत काहीतरी म्हणाला, आवाज न चढवता, आणि बॅग उचलून दाराशी बूट घालायला बसला.

"अरे, नियम पाळलास, पाप नाही केलंस," कुंदाताई सौरभला म्हणाल्या. त्यांची नजर मात्र दाराकडे होती.

मग त्यांनी फ्रिज उघडला. टर्कीचे पंख आणि मान सूपसाठी कच्चेच बाजूला ठेवलेले होते. त्या क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. मग स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि उघड्या हातांनी पंख सांध्यातून मोडायला लागल्या. मी धावले, "ताई, द्या इकडे, मी करते." "नको," त्या म्हणाल्या, "यांनी इतकी वर्षं केलं. मलाही कळू दे कसं लागतं हाताला." ओठ घट्ट मिटलेले होते. हाडं मोडल्याचा आवाज दारापर्यंत गेला असावा. निनाद पायातला बूट काढून परत आला. आईच्या हातांकडे त्याने पाहिलं आणि तिच्या हातातला पंख काढून घेतला.

पंख, मान आणि कांदा भाजून नवी खरवड धरेपर्यंत दुपारच्या जेवणाला संध्याकाळ झाली. पीठ लोण्यात परतलं. निनादने रस्सा दोनदा घेतला. कुंदाताईंनी साबणाने बराच वेळ हात धुतले आणि वरणभात घेऊन त्याच्या शेजारी बसल्या.

पुढे एका हिवाळ्यात त्यांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. "नाकच गेलं गं," त्या मला म्हणाल्या, "आता त्या रश्श्यापुढे मी कोण?" त्या डिसेंबरात सवयीने त्यांनी डोळे मिटले, वाफ नाकाकडे ओढली, आणि डोळे उघडून मुलाकडे वळल्या.

"निनाद, वास सांग."

"कोबाशी," तो म्हणाला. भाजल्याच्या चांगल्या वासाला जपानीत हाच शब्द आहे.

"तसं नको. माझ्या नाकाला कळेल असं सांग."

तो पातेल्यावर वाकला. "तू सत्यनारायणाला शिरा करायचीस ना, भाजताना यायचा... तसा. पण अजून ओल्या पिठाचा पण येतोय."

"मग थांब. घाई नको करू. आता?"

"आता ओला कमी झाला."

"आणि आता?"

त्या विचारत राहिल्या, तो सांगत राहिला. एवढं मराठी त्याच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. मला रडू येत होतं, म्हणून मी उकडलेले बटाटे गरजेपेक्षा जास्त कुस्करत बसले.

गेल्या उन्हाळ्यात कुंदाताई गेल्या. या वर्षीचं जेवण आता होणार नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. डिसेंबरात निनादचा निरोप आला, "रविवारी या सगळे." आम्ही गेलो. सौरभ स्वयंपाकघराच्या दारातच हात मागे बांधून उभा राहिला. शेगडीवर वरणाचा कुकर होता. आईच्या फोटोपुढे वरणभाताचं पान आधीच वाढलेलं होतं.

निनादने खरवड सोडवून घेतली. पीठ परतता परतता तो थांबला, डोळे मिटले, वाफ हाताने नाकाकडे ओढली. "ओल्या पिठाचा येतोय अजून," तो मोठ्याने म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो परतत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "आता शिऱ्यासारखा येतोय, आई."

मग त्याने रस्सा पुरा केला आणि माझ्यापुढे चमचा धरला. "मेधाताई, मीठ तेवढं तुम्ही बघा."

मीठ बरोबर होतं. ते सांगायला मात्र मला जरा वेळ लागला.