कामाचा डोळा

घड्याळजी चाळीस वर्षं एका डोळ्यावर जगले. उजव्या डोळ्याला भिंग, डावा मिटलेला. सवय इतकी अंगवळणी पडली होती की बायको म्हणायची, हे पहिल्या भेटीतच मला डोळा मारून गेले.

सूर्यग्रहणाच्या दिवशी हीच सवय नडली. दुकानदार संघाचे चिटणीस जुन्या एक्स-रे फिल्मा वाटत फिरत होते, कुणाच्या तरी बरगड्या, कुणाचं तरी मनगट. यातून बघितलं तर चालतं ना, असं घड्याळजींनी विचारलंही. काळ्या फिल्मेतून कसलं ऊन लागतंय, म्हणत चिटणीस हसले. झालं! घड्याळजींनी सवयीनं डावा डोळा मिटला आणि उजव्यानं चांगलं निवांत पाहिलं. दुखलं नाही की खुपलं नाही.

दुसऱ्या सकाळी भिंग लावलं, तर भोवतालचं सगळं दिसे, पण ज्या चाकाकडे पाहावं तिथेच राखाडी डाग. त्यांनी भिंग तीनदा पुसलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतला पडदा भाजलाय, तिथं दुखणं कळत नाही. औषध नाही. सुधारलं तर थोडंफार, महिने लागतील. फिल्म उजेड कमी करते, भाजणारे किरण अडवत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मग हे आधी विचारायला चिटणिसांना कुणी अडवलं होतं? संघाला सहलीची बस ठरवता येते, ग्रहणाचे चार चष्मे आणता येत नाहीत!

सहा महिने डाव्या डोळ्यानं खटपट केली, पण हाताचं त्या डोळ्याशी जमेना. स्क्रू टिपायला जावं तर चिमटा बाजूलाच पडे. तिकडे चिटणीस चहा पिता पिता सांगत, किती वेळ बघायचं हे माणसाला कळायला नको? ऐकून घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते तडक संघाच्या खोलीत गेले. कपाटात उरलेल्या फिल्मांचा गठ्ठा जपून ठेवलेला होता. त्यांनी तो टेबलावर घेतला, खिशातली कात्री काढली आणि बोटांनी कडा चाचपत एकेक फिल्म कापायला लागले.

"अहो, असू द्या की," चिटणीस म्हणाले. "पुढच्या ग्रहणाला उपयोगी पडतील."

"म्हणूनच कापतोय," घड्याळजी म्हणाले आणि पुढची फिल्म उचलली.