धरलेले दहा किलोमीटर

डहाणूच्या भाड्याच्या खोलीत कविता आणि मी भूकंपाच्या लहरी वाचायला शिकत होतो, तेव्हा मला तिचा भयंकर राग यायचा. जमीन हलली की मी खुर्ची टाकून थेट रस्त्यावर. ही बाई जागची हलायची नाही. वर, "दर्शन, चपला राहिल्या तुझ्या," असं आतून सांगायची.

२०१९ नुकतं उजाडलं होतं. त्याआधीच्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीचा पट्टा हलत होता. आधी खालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग भांडी वाजायची. पाड्यांवरची माणसं ताडपत्रीखाली झोपू लागली. गावोगावी भूकंपमापक यंत्रं बसवणाऱ्या एका पथकाला इथलीच मुलं हवी होती. विज्ञान शिकलेले म्हणून आम्हा दोघांना घेतलं.

कविता तलासरीजवळच्या पाड्यावरची, घरातली पहिली पदवीधर. आई जमना, वडील बाबल्या आणि दम्याने बेजार झालेली आजी हिरी. कुडाचं जुनं घर पाडून त्यांनी हौसेने घरकुलाचं विटांचं घर बांधलं होतं. त्याच्या कोपऱ्यात आता बोट जाईल एवढी भेग पडली होती.

उघड्यावरच्या थंडीने आजीचा दमा वाढला, तेव्हा कविताने मोबाइलवरची भूकंपाची नोंद दाखवून सगळ्यांना घरात परत नेलं. खोली, दहा किलोमीटर. एवढ्या खालून वर येईपर्यंत जोर संपतो, असं तिने समजावलं. प्रत्येक धक्क्याला तोच आकडा यायचा, त्यामुळे तिची खात्रीच पटली होती.

एका दुपारी पथकाच्या अहिल्या मॅडम धक्क्याची खोली कशी काढतात ते शिकवत होत्या. "यंत्र फक्त वेळ सांगतं. एसटी अर्धा तास चालली, एवढ्यावरून ती किती लांब गेली सांगाल? हायवेने गेली की पाड्याच्या रस्त्याने, ते कळायला हवं ना! तसंच इथे. वरचा काळा खडक, त्याच्या खाली काय, कुठल्या थरातून लहर किती वेगाने धावते, हे आधी मांडायचं. मग वेळेवरून खोली निघते."

"मग मोबाइलवर दहा किलोमीटर लगेच कसं येतं?" कविताने विचारलं.

"ते मोजलेलं नाही, धरलेलं आहे. जवळ यंत्र नसलं की खोली नक्की करता येत नाही. गणित अडू नये म्हणून दहा धरतात. आपल्या यंत्रांवर बरेच धक्के त्याहून उथळ, जमिनीच्या जवळचे दिसतायत. पण वेग पक्के होईपर्यंत मीही आकडा सांगणार नाही."

कविताचा चेहरा पांढराफटक पडला. तिने घरी फोन लावला, रेंज नव्हती. मी बाइक काढली आणि तिला मागे घेतलं. रस्ताभर समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मी बघत होतो, काही वाईट घडलंय का म्हणून.

घर उभं होतं. आत चूल पेटलेली, आणि आजी नेमकी भेगेखाली भिंतीला टेकून बसलेली.

"बाहेर चला सगळे!" कविता दारातूनच ओरडली.

"तूच सांगलास ना, लय खाली हाय म्हणून?" जमना म्हणाली.

"मंग आता किती खाली हाय तां सांग," बाबल्या म्हणाला. "मंग निघू. म्हातारीला थंडीत मारायची काय?"

कविता सांगू लागली. वेळ, वेग, थर. बाबल्या मान डोलवत होता, पण उठत नव्हता. तेवढ्यात खालून तो आवाज आला. पत्रे थडथडले, भेगेतून विटेचा भुगा सांडला. मी कधी अंगणात पोचलो ते मलाच कळलं नाही.

हलायचं थांबल्यावर मी दारातून आत पाहिलं. कविता आजीवर ओणवी होऊन बसली होती. तिच्या केसांत लाल माती होती आणि तिची हनुवटी थरथरत होती.

"किती खाली ते मला माहीत नाही, आये," ती म्हणाली. "मला भीती वाटते. लय भीती वाटते."

जमनाने भाताचं पातेलं चुलीवरच सोडलं.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "पोर भ्यालीय."

बाबल्याने पुढे काही विचारलं नाही. त्याने म्हातारीला पाठीवर घेतलं आणि बाहेर आला.