पदार्थ, प्रतिपदार्थ आणि आत्याचा कावळा

आमच्या घरात पदार्थ आणि प्रतिपदार्थ दोन्ही होते. पदार्थ म्हणजे माझे वडील, अण्णा, मुक्काम आष्टी. प्रतिपदार्थ म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, बापूकाका, मुक्काम धावडा. वाटण्या झाल्यावर पहिल्याच पोळ्याला तोरणाखालून आधी कुणाचे बैल न्यायचे, यावरून दोघांचं फाटलं. (ते बैल कधीच मेले. भांडण मात्र धडधाकट!)

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून दोघांना दूर ठेवायचं खातं माझ्याकडे आलं. पदार्थ आणि प्रतिपदार्थ भेटले की दोघंही नाहीसे होतात, उरते नुसती ऊर्जा, हे मी घरात सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. लग्नकार्यात अण्णा सकाळी, काका संध्याकाळी. काकांना सांगायचं, "अण्णा लई तापलेत, येऊ नका." अण्णांना सांगायचं, "काका तुमचं तोंड बघत न्हाई म्हणतात." सगळं बराबर चाललं होतं.

मग आत्या आजारी पडली. दोघांची थोरली बहीण, आमच्याकडेच असायची. "माझे दोघं भाऊ एका जागी दिसू दे रे," म्हणायची. मी खाटेजवळ बसून तिला स्फोट समजावून सांगितला.

"तुझ्या शास्त्राला एकदा पायताणानं हाणलं पाह्यजे!" ती म्हणाली.

भेट राहून गेली आणि आत्या गेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. (काकांना मी देवळामागे बसवलं होतं, सुरक्षित अंतरावर.) कावळा बाभळीवर आला आणि बसूनच राहिला. अण्णांनी हात जोडले.

"आक्का, तुझ्या शेळ्या बिलकुल इकत न्हाई!"

कावळा ढिम्म.

"तुझ्या नावानं जांबच्या देवळात जेवण घालतो!"

कावळ्यानं पाठ फिरवली. ऊन चढलं, भात वाळला. बहीण उपाशी जाणार, या विचारानं अण्णा हमसून हमसून रडायला लागले.

ते ऐकून काका देवळामागून धावतच आले. मी आडवा झालो.

"काका, थांबा! स्फोट होईल!"

"सरक बाजूला!"

दोघं समोरासमोर उभे राहिले. मी डोळे मिटले.

"तू आल्ता व्हय?" अण्णांनी विचारलं. "हा तर म्हणला, तू माझं तोंड बघत न्हाई."

"म्या? मला म्हणला, तुम्ही आला तं अण्णा उठून जातील! आक्काला बघायला जालन्यापर्यंत आल्तो मी. ह्यानंच फोन करून माघारी धाडलं!"

मी डोळे उघडले. दोघं माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो! नाहीसं कुणीच झालं नाही. ऊर्जा मात्र निघाली, आणि सगळी माझ्या दिशेनं. अण्णांनी माझी मान धरली, काकांनी पायातलं काढलं. पाठीत पहिला दणका बसला आणि कावळा बाभळीवरून सरळ पिंडावर उतरला!

भाऊ एक झाले म्हणून आत्या तृप्त झाली, असं लोक म्हणतात. म्हणोत बिचारे. तिची कोणती इच्छा राहिली होती, ते माझ्या पाठीला पक्कं ठाऊक आहे.