सर्व्हर आधी, नेटवर्क माहेरी

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, आईनं सर्व्हरच्या परीक्षा कुठल्या क्रमानं दिल्या होत्या?" मी म्हटलं, आईलाच विचार. तर तू म्हणालास, "ती म्हणते, जशा जमल्या तशा." तुमची आई स्वतःबद्दल एवढंच बोलते. पण त्या परीक्षा तिनं जमतील तशा मुळीच दिल्या नव्हत्या. त्यांच्या क्रमावरून आमच्या शिरूरच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी तिच्या लग्नातल्या मानपानावरूनही झाली नव्हती. तुम्हा दोघा भावंडांना ती कळावी म्हणून नीट सांगते.

मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे दुसरा धडा पहिल्याच्या आधी वाचलेला मला खपत नसे. तुमचे बाबा दौंडला रेल्वेत होते, पहाटेच्या एसटीनं जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. तुमची आई कवठे येमाईची. बी.एस्सी. करून आमच्या घरी आली आणि कारेगावजवळच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर नोंदी करायला लागली. आलेला माल, गेलेला माल, एवढंच काम. ते ती चोख करायची, पण तिचं लक्ष असायचं पलीकडच्या काचेच्या दरवाजाकडं. तिथं कारखान्याचा सर्व्हर होता.

श्रावणातली गोष्ट. कारखान्याच्या बसमधून उतरून ती घरात आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आई, गुढीपाडव्याला नवी सर्व्हर रूम सुरू होणार आहे. साहेब म्हणाले, सांभाळायला आपल्यातलंच कुणी मिळालं तर मला हवंच आहे. पण सर्व्हरचं आणि नेटवर्कचं, दोन्ही सर्टिफिकेटं पाडव्याच्या आत दाखवायला हवीत. नाहीतर ते पुण्याहून माणूस आणणार."

"मग दाखव की," मी म्हटलं.

"दाखवीन. पण त्याच्या आत हेही आहे ना," ती म्हणाली आणि पोटावर हात ठेवला. तिला चौथा लागला होता. त्या पोटात तू होतास.

रात्री जेवताना पंचायत बसली. ती संध्याकाळी ज्या क्लासला जायची तिथले सर म्हणत होते, आधी नेटवर्क, तो पाया आहे, मग सर्व्हर. मला ते पटलं. तुमचे बाबा म्हणाले, "पाया-बिया काही नाही. पेपरातल्या जाहिराती बघ. सगळ्यांना सर्व्हरवाला माणूस पाहिजे. आधी तेच कर, नेटवर्क मागून होईल."

"सर्व्हरवाला का? सर्व्हरवाली नाही चालत?" तुमच्या आईनं विचारलं. बाबांनी भाकरी मोडली.

मग ती म्हणाली, "तुम्ही दोघं विषय बघताय. मी जागा बघतेय. सर्व्हरच्या सरावाला दोन कॉम्प्युटर लागतात, एक सर्व्हर आणि एक त्याला जोडलेला. ते इथं क्लासमध्ये आहेत. सातव्यात मी माहेरी जाणार, तिथं कॉम्प्युटर नाही आणि लाईटचाही भरवसा नाही. नेटवर्कची गणितं वहीवर करता येतात. म्हणून सर्व्हर आधी, इथं. नेटवर्क माहेरी."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. आम्ही तिघांनी परीक्षांचा विचार केला, पण ही गोष्ट हिशोबात धरली ती फक्त तिनं. माझ्या शिस्तीला क्रम उलटा वाटत होता, तरी मी तिचं म्हणणं मान्य केलं.

आता अडचण होती पुस्तकांची. ती विटेएवढी जाड होती आणि सगळी इंग्रजीत. तुमच्या आईचं शिक्षण बारावीपर्यंत मराठीतून, पुढं इंग्रजीतून झालेलं. पण ही वाक्यं लांबच लांब, एका वाक्यात तीन अटी. मग आम्ही एक रीत बसवली. मी वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हणायची, "ज्याला जेवढं काम आहे, त्याला तेवढाच अधिकार द्यावा, असं म्हणतायत." ती म्हणायची, "हां, म्हणजे स्टोअरच्या माणसाला पगाराची फाईल उघडता कामा नये." अशी ती पुस्तकं अर्धी मला कळायची, अर्धी तिला.

प्रश्नांची एक खोड मात्र मी पकडली. चारही उत्तरं बरोबर दिसायची, पण प्रश्नात कुठंतरी 'फर्स्ट' असा शब्द दडलेला असायचा. मी तिला म्हटलं, "अगं, यातलं सगळंच करायचं आहे. ते विचारतायत की आधी काय करशील." त्यानंतर प्रश्न वाचला की ती आधी तो शब्द शोधायची.

दसऱ्यानंतर तिनं पुण्याला जाऊन सर्व्हरची परीक्षा दिली. ती परीक्षा कॉम्प्युटरवरच असते आणि शेवटचं उत्तर दिलं की निकाल लगेच समोर येतो. ती नापास झाली.

संध्याकाळी मी एसटी स्टँडवर गेले होते. गाडीतून उतरली ती हातातला निकालाचा कागद माझ्यापुढं धरून. "आई, हे बघा. सर्व्हरचा सगळा भाग जमलाय. गेलंय ते नेटवर्कमुळं. यात एवढं नेटवर्क विचारतात हे सरांना माहीत होतं, मला नव्हतं."

"म्हणजे क्रम चुकला," मी म्हटलं.

"नाही चुकला. नेटवर्क आधी केलं असतं तर सर्व्हरचा सराव कधी केला असता? तो आता माझ्या हातात बसलाय. माहेरी नेटवर्क करते, ती परीक्षा देते आणि परत येऊन ही पुन्हा देते."

डोळे लाल होते, पण आवाज ठाम होता. रिक्षात बसेपर्यंत तिनं मनात पुढचे महिने मांडूनही टाकले होते.

डोहाळजेवणाला फुलांचे दागिने घालून बसवली, तेव्हा शेजारची एक बाई मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय गं, आता आधी बाळ का आधी परीक्षा?"

"जे आधी तयार होईल ते, काकू," ही म्हणाली. बायका हसल्या. मी सगळ्यात जास्त हसले.

ती माहेरी गेली आणि चार दिवसांत तिचा फोन आला. शेजारच्यांच्या घरून बोलत होती. "आई, अभ्यास होईना. वाक्यं सुटत नाहीत. इथं कुणाला विचारू?"

सुनेच्या माहेरी सासूनं मुक्कामाला जाऊन राहायचं, ही गोष्ट तेव्हा आमच्याकडं कुणी ऐकलेली नव्हती. सासू जाते ती बाळ झाल्यावर, बघायला, आणि त्याच दिवशी परतते. मी पिशवी भरली. तुमचे बाबा म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक परीक्षेला बसणार नाहीत."

मला दारात बघून तुमच्या कवठ्याच्या आजीचा चेहरा पडला. तिला वाटलं, काहीतरी भांडण काढायला आले. कारण सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. तिनं पाट मांडला, पुरण शिजायला टाकलं. दुसऱ्या दिवशीही पुरणच. गावातल्या बायका पोरीची सासू बघायला येऊ लागल्या, प्रत्येकीसाठी चहा व्हायचा, आणि आमचं पुस्तक पानभरही पुढं सरकेना. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "विहीणबाई, मला पाहुणी म्हणून ठेवणार असाल तर मी आजच जाते. मला काहीतरी काम द्या."

"या बया! तुमाला काम? आन् लोक मला काय म्हंतील?"

आबा, म्हणजे तुमच्या आईचे वडील, बाहेरून म्हणाले, "अगं, त्या मास्तरीणबाई हायेत. रिकामं बसून त्यांना ताप यायचा. कांदा निवडायला बसव."

मग आमचं बस्तान बसलं. अंगणात कांद्याचा ढीग, त्याभोवती आम्ही तिघी. विहीणबाई आणि मी कांदा निवडायचो. पुस्तक माझ्या पुढ्यात विटेला टेकवून ठेवलेलं. मी वाचायची, तुमची आई मांडीवरच्या वहीत पत्ते मांडायची. नेटवर्कमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो, आणि एवढ्या पत्त्यांचे एवढे गट पाडायचे, अशी ती गणितं. लाईट असो नसो, काही अडत नव्हतं. येणाऱ्या बायकांनाही कळलं, की तिथं बसलं तर कांदा निवडावा लागतो. गर्दी आपोआप कमी झाली.

परीक्षा कधी द्यायची, ते विहीणबाईंनी ठरवलं. "आठव्यात मी पोरीला गावाच्या शिवंबाहेर जाऊ द्यायची न्हाई. काय द्यायचं ते त्याच्या आत द्या." त्यांच्याकडं आठवा महिना जपायचा. म्हणून सातवा सरायच्या आत आम्ही तिघी जीपनं पुण्याला गेलो. वाटेत त्यांनी लेकीच्या पाठीमागं उशी धरून ठेवली, आणि मी पुस्तक.

आत तिला किती वेळ लागला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दार उघडून ती आली तेव्हा विहीणबाईंनी आधी तिच्या पोटाकडं पाहिलं आणि मी तिच्या तोंडाकडं. ती पास झाली होती. नुसती पास नाही, चांगल्या गुणांनी.

पुढं तू झालास. सव्वा महिना झाल्यावर ती तुला घेऊन शिरूरला आली. तुला मी सांभाळायची आणि ती क्लासला जायची. फाल्गुनात तिनं सर्व्हरची परीक्षा पुन्हा दिली. या वेळी तिनं मला स्टँडवर येऊ दिलं नाही. दारातून आत येऊन कागद देवापुढं ठेवला आणि तुला दूध पाजायला बसली. मी चष्मा लावून वाचला. मग डोळे पुसून पुन्हा वाचला.

पाडव्याच्या आत दोन्ही सर्टिफिकेटं साहेबांच्या टेबलावर होती, सोबत तिन्ही निकालांचे कागदही. त्यांनी तारखा पाहिल्या आणि विचारलं, "सर्व्हर, मग नेटवर्क, मग परत सर्व्हर? असा कसा क्रम?"

ती म्हणाली, "सर, ज्या वेळी जे हाताशी होतं, ते आधी केलं. सर्व्हर रूममध्येही तसंच करावं लागेल ना?"

पाडव्याला ती नव्या सर्व्हर रूमचा काचेचा दरवाजा उघडून आत गेली, काम करायला. त्या कारखान्यात सर्व्हर सांभाळणारी ती पहिली बाई.

मी कवठ्याला फोन लावला. शेजारच्यांनी विहीणबाईंना बोलावून आणलं. मी बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, "मंग आता पेढं कुणी वाटायचं? तुम्ही का आम्ही?"

मी म्हटलं, "सून आमची आहे."

"आन् लेक कुणाची हाय?"

शेवटी पेढे शिरूरलाही वाटले आणि कवठ्यालाही.